सातवीच्या वर्गाची खिरापत

शाळेच्या हॉलमध्ये मनकर्णाबाईंचा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, ‘प्रथम महिला प्रधानाध्यापिका. शांत, सोज्वळ, मृदुभाषी.’ मी ते वाचलं आणि तिथंच हसत सुटले. शेजारी उभी असलेली नवी मास्तरीण घाबरली. म्हणाली, “आंटीजी, क्या हुआ? पाणी आणू का?” म्हटलं, पाणी नको, ओलं फडकं आण. हे पुसून टाकू दे आधी.

शांत म्हणे! आमच्या बाई शांत असत्या ना, तर ज्या हॉलमध्ये तुम्ही तो फोटो टांगलाय तिथं आज सरकीची पोती असती. आणि मी, कोकिळा, जी पुढं स्वतः तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी करून म्हातारी झाले, ती कुठल्या तरी खेड्यात चुलीपुढं बसून सासूच्या शिव्या खात असते. त्या पोरीनं विचारलं, “मग कशा होत्या बाई?” म्हटलं, बस. एका वाक्यात सांगण्यासारख्या नव्हत्या.

बाई मूळच्या जैनाबादच्या, तापीच्या पल्याडच्या. बाप सुकलाल, केळीचा मळा. मुलीला शाळेत घालावं असं त्या घरात आजवर कोणी म्हटलं नव्हतं, आणि सुकलालही म्हणाला नाही. मनकर्णा रोज डोक्यावर केळीच्या पानांचा भारा घेऊन नावेनं नदी ओलांडायची आणि बुऱ्हाणपुरात, इतवारा पेठेत पानं विकायची. एक दिवस तिनं शाळेच्या खिडकीखाली भारा टेकवला. आतले मास्तर पानांचा भाव करायला बाहेर आले. ही म्हणाली, “पानं तशीच घ्या, पण मला आत बसू द्या.” मास्तरांच्या घरी दुसऱ्या दिवशी श्राद्ध होतं. त्यांनी बसू दिलं. श्राद्ध झालं, पंगती उठल्या, ही काही उठली नाही.

सुकलालला कळेपर्यंत पोरगी चौथीत गेली होती. तो काठी घेऊन धावला. हिनं काय करावं? दोघांच्या मधल्या मातीत बोटानं बापाचं नाव लिहिलं आणि म्हणाली, “हे तुमचं नाव आहे बरं का, बाबा. त्यावर पाय पडेल.” सुकलाल काठी उगारून तसाच उभा. पाय उचलवेना. असली ही शांत मुलगी.

पुढं अमरावतीला जाऊन ट्रेनिंग केलं, सिंधीपुऱ्यातल्या वामनरावांशी लग्न झालं. वामनराव गिरणीच्या हापिसात होते. मोठा गोड माणूस. बायको शाळेत जाते याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. एकच वेड होतं, दराबा करायचं. तुम्ही बुऱ्हाणपूरच्या, तुम्हाला काय सांगायचं. पण बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. रवा, साखर आणि तूप हातानं फेटत राहायचं, फेटत राहायचं, तोंडात टाकल्यावर काही टाकलं होतं की नाही असं वाटावं इतकं फेटायचं. वामनराव आईनं शिकवलेल्या पद्धतीनं तासन् तास फेटत बसत. बाई म्हणायच्या, “माझे केस पांढरे झाले पोरींच्या मागं आणि ह्यांचे दराब्याच्या मागं.”

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनेक वर्षांनी इतवाऱ्यातल्या मराठी मुलींच्या शाळेचे म्हातारे हेडमास्तर निवृत्त झाले आणि त्या खुर्चीवर मनकर्णाबाई बसल्या. मुलींची शाळा, पण तिथं बाई हेडमास्तर म्हणून पहिल्यांदाच. गावात नुसता बोभाटा. शाळेचा शिपाई कडू तर म्हणाला, बाईमाणसाच्या हुकमावर घंटा वाजवायला आपण काही वेडे झालो नाही.  दुसऱ्या दिवशी बाईंनीच घंटेची हातोडी हातात घेतली. कडू जेवायला बसला की मधली सुट्टी संपल्याची घंटा. पोरी धावत वर्गात, दारं लावायला कडू हवा, म्हणून हाक. कडूचा घास हातात. तो परत येऊन बसला की पुन्हा कसली तरी घंटा. आठवडा नाही झाला, कडू हात जोडून उभा. “बाईसाहेब, ती घंटा माझ्याकडं द्या. तुमच्या पाया पडतो, मला जेवू द्या.” त्यानंतर रिटायर होईपर्यंत कडूची घंटा एका क्षणानंही चुकली नाही.

आता माझ्या घरचं. माझे वडील लीलाधरशेठ. केळीची अडत होती, कापूस-सरकीचा व्यापार होता, आणि शाळा कमिटीचे अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता, पण हिशेबी. मी सहावी झाले आणि त्यांनी मला घरी बसवलं. त्यांचा हिशेब सरळ होता. “सातवी झालेल्या पोरीला सातवीच्या वर शिकलेला नवरा लागतो. आपल्या समाजात तो मी कुठून आणू? केळीसारखा पिकवू?” सातवी म्हणजे त्या काळी मोठी परीक्षा. ती झाली की ट्रेनिंगला जाता यायचं, मास्तरीण होता यायचं. मला बाईंसारखं व्हायचं होतं. त्या खुर्चीत बसायचं होतं, ते स्पष्टच सांगते. पण ऐकतं कोण? मी घरी गहू निवडत बसले आणि रडत बसले.

माझ्यासारख्याच सगळ्या. सातवीचा वर्ग ओस पडला. आणि तेवढ्यात राज्य बदललं.

तुम्हाला तो काळ नाही ठाऊक. आधी आमचं सगळं नागपूरला. पुस्तकं नागपूरची, हुकूम नागपूरचे, साहेब नागपूरचे. मग रातोरात नागपूर गेलं मुंबई राज्यात आणि आम्ही राहिलो इकडं, नव्या राज्यात. राजधानी भोपाळ. आमच्या गल्लीत कोणी भोपाळ पाहिलेलं नव्हतं. भिंतीवर जुना नकाशा, पुस्तकात जुनं राज्य, आणि हुकूम हिंदीत. एकत्रीकरण, एकत्रीकरण असं जो तो बोलायचा. त्यातच कोणी तरी ठरवलं की ज्या शाळेचा वरचा वर्ग रिकामा, ती शाळा शेजारच्या मुलग्यांच्या शाळेत एकत्र करायची. झालं! मुलग्यांच्या शाळेत इतवाऱ्यातली एक पोरगी तरी कोणी पाठवली असती का? म्हणजे मुलींचं शिक्षणच संपलं. बाई पुन्हा कुणा हेडमास्तरच्या हाताखाली. आणि रिकाम्या झालेल्या इमारतीवर आमच्या बाबांचा डोळा होता, सरकीच्या गोदामासाठी.

पुढल्या वर्षी दिवाळीच्या आधी इन्स्पेक्टर येऊन वर्ग बघणार होते. वर्ग भरलेला दिसला तर सातवी राहणार, नाही तर नाही.

बाई घरोघर फिरल्या. कोणी चहा पाजला, कोणी पान दिलं, पोरगी मात्र कोणी दिली नाही. शेवटी भाद्रपदात त्या आमच्या घरी आल्या. बाबा अडतीवर गेलेत हे बघूनच आल्या होत्या.

माझी आई रंभाबाई. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान असा की विचारू नका. गुलाबाई तुम्हाला माहीत आहे ना? हल्लीच्या पोरींना सगळं सांगावं लागतं! भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीची गुलाबाई मांडायची, शेजारी तिचा गुलोजी. गल्लीतल्या पोरी-बायका संध्याकाळी जमायच्या, टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी खिरापत. पण खिरापत अशी हातात नाही मिळायची. डबा झाकलेला. तो कानाशी हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. माझी आई ओळखायची. खडखड झाली की शेंगदाणे, खुळखुळ झाली की फुटाणे, हे कोणालाही येतं. आई आतले लाडू बेसनाचे की रव्याचे ते सांगायची. अख्ख्या इतवाऱ्यात तिला कोणी हरवलं नव्हतं आणि हे ती रोज कोणाला ना कोणाला ऐकवायची. दरवर्षी गुलाबाई बसायची आमच्याच पुढच्या खोलीत.

बाई ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “रंभाबाई, यंदा शाळेतही गुलाबाई मांडीन म्हणते. पण तुम्हाला बोलवायला संकोच वाटतो.”

“कायचा संकोच?”

“आमची खिरापत तुम्हाला ओळखू येणार नाही. उगाच तुमचं नाव खराब व्हायचं.”

मी आतून ऐकत होते. आईच्या हातातलं सूप थांबलं. “काय म्हटलं मास्तरीणबाई? मले ओळखू येनार नाही? मले?”

“नाही हो. शाळेतल्या डब्याला आवाज नसतो.”

“बिन आवाजाची खिरापत अजून या इतवाऱ्यात जन्माले यायची हाय!” आई उठूनच उभी राहिली. “मांडा. नाही, थांबा. तुम्ही कायले मांडता, आमचीच घेऊन जा. मी सोता आनते गुलाबाई शाळेत. गल्लीच आनते सारी. आन पाह्यतेच तुमचा डबा.”

बाई विनयानं खाली बघत चहा पीत राहिल्या. तेव्हा त्यांचा चेहरा फोटोतल्यासारखाच दिसत होता, सोज्वळ.

अशी आमची गुलाबाई शाळेत गेली. सातवीच्या रिकाम्या वर्गातच मांडली. पहिल्या संध्याकाळी सगळ्या गल्लीच्या बायका, पोरी हजर. शाळेत नको म्हणून घरी बसवलेल्या पोरीसुद्धा; गुलाबाईला जाऊ नको असं कुठला बाप म्हणणार? गाणी झाली. बाईंनी डबा पुढं केला. आईनं हलवला. काही नाही. उलटा केला, सुलटा केला, नखानं वाजवला. आत काही तरी होतं हे नक्की, जडही होतं, पण हूं नाही की चूं नाही. आईनं चार पदार्थ सांगितले, चारही चुकले. बाईंनी झाकण उघडलं तर पिकली केळी पानात घट्ट बांधून बसवलेली.

“ही लबाडी झाली!” आई म्हणाली.

“लबाडी कशी? मी खूण दिली होती की.” बाईंनी फळ्याकडं बोट दाखवलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘तापीकाठच्या काळ्या मातीत पिकतं, आगगाडीनं दिल्लीला जातं.’ आईला काय वाचता येतंय! तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मुकाट्यानं वाचून दाखवलं. “मंग आधी का नाही वाचलं वं भवाने?” असं म्हणून तिनं मला तिथंच एक धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी आई मला ढकलतच घेऊन गेली, पहिल्या रांगेत बसवलं, म्हणाली, वाच. वाचलं. त्या दिवशी मावा होता, आईनं ओळखला. तिसऱ्या दिवशी बाईंनी खूण घातली ती गणिताची. रवा इतका, तूप त्याच्या निम्मं, साखर अमुक, तर मोठ्या पातेल्याला साखर किती, आणि हे प्रमाण कोणत्या मिठाईचं? मी अडले. हे त्रैराशिक होतं, आणि त्रैराशिक सातवीत शिकवतात.

“म्हंजे काय असतं ते त्रैराशिक? गोड का तिखट?” आईनं विचारलं.

बाई म्हणाल्या, “ते दिवसा शिकवते मी, अकरा वाजता, ह्याच खोलीत. पण कोकिळा तर घरी असते ना. राहू दे, रंभाबाई. हरलात तर हरलात, आपल्याच माणसांत तर आहात.”

आईचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. दुसऱ्या दिवशी साडेदहालाच तिनं माझ्या वेण्या घातल्या आणि दाराबाहेर काढलं. “जा. ते काय असल ते शिकून ये. समदं शिकून ये. थ्या पानं विकनाऱ्या बाईपुढं मी पुन्हा तोंड नाही पाडनार.” आणि मी एकटी नव्हते. प्रत्येक घरात हेच. खुणा रोज अवघड होत गेल्या. कधी भूगोल, कधी व्यवहारी अपूर्णांक, कधी नव्या राज्यातल्या नद्या. संध्याकाळी ज्या बाईची पोरगी खूण सोडवणार ती बाई पुढं बसणार, तिचा मान. मग काय, बायका आपापल्या पोरींना दामटून शाळेत पाठवायला लागल्या. वर्ग भरला.

आणि बापांना पत्ता नाही! हे सगळ्यात भारी. आमच्या बाबांनी एकदा विचारलं, “कोकिळा कुठं असते आजकाल?” आई म्हणाली, “गुलाबाईपाशी.” खोटं होतं का? अजिबात नाही. गुलाबाई कुठं बसलीय हे बाबांनी विचारलंच नाही. पुरुषांनी गुलाबाईकडं बघायचं नसतंच मुळी. फक्त एकदा जेवताना म्हणाले, “यंदा घरात गोंधळ कमी आहे. शहाण्या झाल्या बायका.” आईनं त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

कमिटीचे अध्यक्ष म्हणून इन्स्पेक्टरसाहेबांना कोणता दिवस द्यायचा ते बाबांच्या हातात होतं. त्यांनी पुष्कळ डोकं लढवून गुलाबाईच्या पाठवणीचा, कोजागिरीचा दिवस दिला. त्या दिवशी घरोघर मोठी खिरापत, पोरी आईच्या हाताखाली राबणार, शाळेत चिटपाखरू नसणार असा त्यांचा हिशेब. बिचारे! आपल्या हातानं त्यांनी वर्षातला तो एकच दिवस निवडला जेव्हा इतवाऱ्यातली बाई न् बाई सकाळपासून शाळेत असणार होती.

त्या दिवसासाठी वामनरावांनी दराबा केला होता. त्या बिनआवाजी डब्यात भरून शाळेत आणून ठेवला. सकाळी टांगा वळणावर दिसला आणि बाईंनी मला आतून डबा आणायला पिटाळलं. मी उचलला. हलका. झाकण काढलं. आत एक कण नाही! कोपऱ्यात पहिलीच्या पोरी ओळीनं बसलेल्या, सगळ्यांच्या मिशा तुपाच्या.

मी बाईंच्या कानात सांगितलं. बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाल्या, “झाकण लाव. घट्ट. आणि तोंडही तितकंच घट्ट ठेव.”

टांग्यातून बाबा उतरले, मागोमाग तिवारीसाहेब. उंच माणूस, काळी टोपी, चष्मा. बाबा सांगत होते, “क्या बताऊँ साहेब, बहुत कोशिश की, पर लड़कियाँ आतीच नहीं. क्लास एकदम खाली.” आणि फाटकातून आत पाऊल टाकलं तर पटांगण भरून बायका. सगळ्यांच्या पुढं टिपऱ्या घेऊन माझी आई.

तिवारीसाहेबांनी चष्मा पुसला. “शेठजी, ये खाली है?”

बाबांचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. आईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि जशी काही ओळखच नाही अशी दुसरीकडं बघायला लागली.

साहेब वर्गात आले. आम्ही बाकांवर ताठ. त्यांनी विचारलं, नव्या राज्याचा नकाशा कोण काढेल? भिंतीवर तर जुनाच नकाशा होता, त्यांना वाटलं पोरी चाचपडतील. मी उठून जमिनीवर रांगोळीनं नवा नकाशा काढला, भोपाळ ठेवलं, नर्मदा ठेवली, खाली तापी आणि तापीवर आपलं गाव. दुसरीनं त्रैराशिक सोडवलं. साहेबांनी मान डोलावली. पण माणूस हुशार होता. बाईंना म्हणाले, “बहनजी, आज मेला है, इसलिए सब आई हैं. कल? कल ये क्लास फिर खाली हुई तो? मुझे कमिटी की ज़बान चाहिए. बोलिए शेठजी, कमिटी ये क्लास चलाएगी?”

 मी बाबांकडं बघतेय. ते घसा साफ करताहेत. “देखेंगे, साहेब. मीटिंग बुलाएँगे, विचार करेंगे...” ते ‘देखेंगे’ मी ओळखत होते. माझ्या शाळेच्या बाबतीत वर्षभर घरी हेच ऐकत होते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात बाई डबा घेऊन पुढं आल्या, हसतमुख. “ते होईल मागाहून. साहेब पाहुणे आहेत, आधी खिरापत ओळखा. रिवाज आहे आमचा.” साहेबांनी गंमत म्हणून डबा हलवला, म्हणाले, “पेड़ा?” बायका खिदळल्या. बाई बाबांकडं वळल्या. “शेठजी, तुमच्या घरात इतकी वर्षं गुलाबाई बसते. तुम्हाला तर आलंच पाहिजे. का तुम्हालाही नाही येणार?”

“न यायला काय झालं?” बाबा लगेच फुगले. साहेबांसमोर कोणी असं विचारलेलं त्यांना खपणार होतं होय!

“आणि नाही आलं तर?”

“तर तुम्ही म्हणाल ते.”

“सातवीचा वर्ग?”

“सातवी काय, आठवी मागा!” बाबांनी डबा घेतला, कानाशी हलवला. आवाज नाही. त्यांच्या मिशीत हसू आलं. बुऱ्हाणपूरच्या माणसाला आवाज न करणारी, हलकी खिरापत म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? तरी सावध माणूस. ते हळूच आईकडं सरकले आणि डबा तिच्या हातात दिला. “कोकिळेची माय, तू बघ जरा. दराबाच ना?”

मेले मी. आईनं डबा हातात घेतला मात्र, तिला कळलं असणार. वजनच सांगत होतं. तिनं कानाशी धरला, नखानं एकदा टिचकी मारली. भरल्या डब्याला टिचकी मारली की आवाज बसका येतो. हा मंदिरातल्या घंटेसारखा टण्ण झाला, मलाही ऐकू आला. आईची नजर वर गेली, सरळ बाईंवर. बाई आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या. हात काही जोडले नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मग आईनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळे पुसत होते.

सगळी गल्ली तिथं होती. बाई सोडून जिला कोणी कधी हरवलं नाही ती रंभाबाई काय सांगते म्हणून सगळ्यांचे कान तिच्याकडं.

आईनं डबा बाबांना परत दिला. “दराबाच हाय. दुसरं काय असनार? सांगा बिनधास.”

“दराबा!” बाबा गर्जले.

बाईंनी झाकण उघडून डबा साहेबांपुढं धरला. साहेबांनी आत वाकून बघितलं, मग बाबांनी बघितलं, मग पुन्हा साहेबांनी. “ये तो खाली है!” आणि तो सरकारी माणूस असा हसला, असा हसला की चष्मा काढून रुमालानं डोळे पुसावे लागले त्याला. बाबा ओरडले, ही फसवणूक आहे. बाई म्हणाल्या, “डब्यात काय आहे एवढंच विचारलं होतं. काही नाही, हेही उत्तरच आहे की.” साहेब म्हणाले, “शेठजी, ज़बान दी है. और भरी क्लास को आप खाली कह रहे थे, खाली डिब्बे को भरा. अब रहने दीजिए.” आणि तिथंच, सातवीच्या बाकावर बसून, वर्ग चालू ठेवल्याचा शेरा लिहिला. हरणाऱ्यानं खिरापत द्यायची म्हणून बाबांना सगळ्यांसाठी मावा जिलेबी मागवावी लागली. पहिलीच्या त्या चोरट्या पोरींनी तीही खाल्ली.

मी सातवी झाले, ट्रेनिंगला गेले, बाईंच्याच शाळेत मास्तरीण म्हणून परत आले. पुढं बाई निवृत्त झाल्यावर त्या खुर्चीतही बसले. बाईंनी नंतर पुष्कळ केलं. आठवी काढली, पोरींसाठी जैनाबादहून वेगळी नाव सुरू केली, आणि माझी आई नि गल्लीतल्या आणखी बायका दुपारी पहिलीच्या बाकांवर अडकून बसून अक्षरं शिकल्या. आई वाचायला लागली तशी फळ्यावरच्या चुका काढायला लागली, तो आणखी एक ताप बाईंना.

पण एक होतं. त्या दिवसापासून इतवाऱ्यात बोललं जायचं की रंभाबाईचा कान गेला. रिकामा डबा ओळखू आला नाही! कोणीही चिडवायचं. सगळ्यात जास्त बाबा. दरवर्षी गुलाबाई बसली की जेवताना भांडं वाजवून विचारायचे, “सांग बरं, रिकामं की भरलेलं?” आई गप्प वाढायची. आई, जी भाजीवाल्याचा एक शब्द उधार ठेवत नसे! मला राग यायचा, मी बोलायला तोंड उघडलं की ती डोळे वटारायची.

बाईंच्या निवृत्तीचा समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. बाबा तोवर म्हातारे झाले होते, पहिल्या रांगेत बसलेले. भाषणं झाली, हार झाले. शेवटी बाई उठल्या आणि म्हणाल्या, “माझं कौतुक फार झालं. ही शाळा ज्या दिवशी वाचली त्या दिवशी मी काहीच केलं नाही, मी फक्त घाबरले होते. रंभाबाईंना डबा रिकामा आहे हे कळलं होतं. त्या हरल्या नव्हत्या.” आणि तो जुना डबा त्यांनी आईच्या ओटीत ठेवला.

बाबा घरी आले. ओसरीवर टेकले, टोपी काढली. मग म्हणाले, “इतकी वर्षं मी तुला चिडवत आलो. सारं गाव हसलं. एकदा तरी सांगायचं नाही होय?”

आई डबा पुसत होती. ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही वर्ग वापस मागितला असता.”

 ती खोटं बोलत नव्हती, हे बाबांनाही माहीत होतं.